धुळीचे चार दिवस आणि आपली छाती

(दोहा येथे मराठी मित्रमंडळींच्या घरगुती बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बांधकामाच्या साइटवर सुरक्षा अधिकारी म्हणून इथे अकरा वर्षे काम करतो आहे. एका प्रसंगानंतर मी या विषयावर वाचू लागलो.

आमच्याकडे साताऱ्याकडचे एक फोरमन होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका जूनमध्ये शमाल वारा सुटला. तिसऱ्या दिवशी समोरची क्रेनही धड दिसत नव्हती. काम चालू होते. संध्याकाळी मामांच्या छातीत कळ आली. वेळेवर अँजिओप्लास्टी झाली म्हणून ते वाचले. धुळीनेच झाले असे मी म्हणणार नाही. मामांना मधुमेह होता, विडीही होती. एका माणसाबद्दल असे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. पण हजारो माणसांचा हिशोब मांडला की चित्र स्पष्ट होते.

२०१९ साली २४ देशांतल्या ६५२ शहरांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या दिवशीच्या आणि आदल्या दिवशीच्या हवेची सरासरी घेतली, तर पीएम २.५ दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की त्या दिवसाचे मृत्यू सरासरी ०.६८ टक्क्यांनी वाढतात. आकडा लहान वाटतो. पण तो सबंध शहराला लागू होतो, आणि धुळीच्या दिवशी वाढ १० वर थांबत नाही.

हे घडते कसे? पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक कण. वाळूचे जाड कण नाकात, घशात, श्वासनलिकेत अडकतात. त्याने खोकला येतो, दमा उसळतो. बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथे दाह होतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे व्हायला वर्षे लागत नाहीत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्येच म्हटले होते की काही तास ते काही आठवडे एवढा संपर्कही हृदयविकाराचा झटका यायला निमित्त होऊ शकतो.

याची उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. २००८ च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगने कारखाने आणि वाहने यांवर निर्बंध घातले. तेव्हा १२५ निरोगी तरुणांचे रक्त तपासले गेले. हवा सुधारताच रक्त गोठण्याशी संबंधित काही घटक कमी झाले. स्पर्धा संपली, निर्बंध उठले आणि ते पुन्हा वाढले. म्हणजे थोड्या दिवसांची सुधारणाही वाया जात नाही.

आता आपल्याकडे वळू. धुळीच्या दिवशी आपण काय करतो? खिडक्या बंद, एसी चालू, मुलांना बाहेर जायला मनाई. बरोबरच आहे. मग साइटवरच्या माणसाने काय करायचे? काहीजण गूळ वाटतात. गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही! तोंडाला बांधलेला पंचा जाड वाळू थोडीफार अडवतो, बारीक कण नाही. त्यासाठी चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद असते. ऊन, दमटपणा आणि वारा धरून मोजलेला उष्णता-निर्देशांक ३२.१ च्या वर गेला तर काम कधीही थांबवावे लागते. एक आकडा ठरला की वाद मिटतो, हे आपण पाहिले आहे. धुळीसाठीही आपापल्या साइटवर असाच आकडा आपण ठरवू शकतो. या खोलीत बसलेल्यांपैकी निम्मे लोक कामाचे वेळापत्रक बनवतात. त्यांना माझी विनंती आहे की धुळीच्या दिवशी खोदाई आणि कापाकापी पुढे ढकला, मास्क द्या, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना आतले काम द्या.

स्वतःसाठीही एवढे करा. त्या दिवशी कॉर्निशवर पळायला जाऊ नका, औषधे आणि इनहेलर जवळ ठेवा. छातीत दुखले तर 'गॅस असेल' म्हणून थांबू नका, ९९९ ला फोन करा.

मामा आता गावी असतात. त्या दिवशी काम थांबवायचा अधिकार मला होता. मी तो वापरला नाही. म्हणूनच आज बोललो.