खांबावरची नावं
कन्नड तालुक्यातली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी मागच्या थंडीत पाहिली. गौताळ्याचं जंगल, खाली दरी, पायऱ्याच पायऱ्या. गुडघे कुरकुरले, पण उतरलो.

लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. खाली दगडी हत्तींची रांग, दाराशी भाला-ढाल घेतलेले द्वारपाल. दर्शनी भाग मात्र बराच ढासळलेला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेल्या किल्लारीकराला पडका दगड बघवत नाही. मी थोडा वेळ खालीच बसलो.

मग चैत्यगृहात गेलो. एका खांबावर ब्राह्मी लिपीत कोरलंय : पैठणच्या गांधिक कुळातल्या मितदेवाचं दान. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दुसरा खांब संघकाच्या मुलांचा. शेजारच्या विहारात राजवैद्य मगिल, त्याची मुलगी, मुलगा. ज्यानं जे दिलं, ते त्याच्या नावावर जमा! आम्हा बँकवाल्यांना असला हिशोब लगेच कळतो.

आपल्या पहिल्या शेअर रजिस्टरातली काही माणसं आज नाहीत. काहींनी तर भूकंपानंतर उरलंसुरलं मोडून हप्ते भरले होते. ती सगळी नावं जिन्यापाशी दगडावर कोरून घ्यावीत, अशी कमिटीला माझी सूचना आहे. पहिली वर्गणी माझी लिहून घ्या.