क्योटोचे वेड
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस जपानच्या प्रवासावर बोलण्याची आज्ञा केली आहे. परंतु जपान आम्ही फारसा पाहिलाच नाही. टोकियो दोन दिवसांत आटोपले आणि उरलेले बारा दिवस एकट्या क्योटोस वाहिले. आम्ही चौघे, बोरीवली, अंधेरी, घाटकोपर व मुलुंड येथील. पाठीवर एकेक पिशवी, मुक्काम स्वस्तात स्वस्त निवासात आणि फिरणे बहुतेक पायी. जुलै महिना असल्यामुळे इकडचा पाऊस सोडून तिकडच्या पावसात भिजावयास गेलो, असे घरच्या मंडळींनी बोलूनही दाखविले.

क्योटो ही इ. स. ७९४ पासून मेजी राजवटीच्या आरंभापर्यंत जपानच्या सम्राटांची राजधानी. पंधराव्या शतकातील ओनिनच्या यादवीत ती बहुतांशी जळून गेली आणि पुन्हा उभी राहिली. १९४५ साली अणुबाँबच्या लक्ष्यांत तिचे नाव होते. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते आग्रहाने काढावयास लावले आणि पुढे त्या यादीत नागासाकीचे नाव आले. देवळांच्या शांत आवारात हिंडताना ही गोष्ट आठवली की मन काही काळ जागचे हलत नाही.

आम्हांस खरे वेड लाविले ते सान्जूसान्गेन्दो या मंदिराने. सुमारे १२० मीटर लांबीचे एकच लाकडी दालन, आणि त्यात कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ सहस्रभुज मूर्ती. मूळ मंदिर ११६४ चे. ते १२४९ साली जळाले आणि १२६६ साली पुन्हा बांधून झाले. आगीतून लोकांनी १२४ जुन्या मूर्ती बाहेर काढिल्या, त्या आजही त्या रांगांत आहेत. समोर अठ्ठावीस रक्षकदेवता आहेत. त्यांत गरुड आहे, नारायण आहे, वसू नावाचा एक कृश, वृद्ध ऋषीही आहे. तो ऋषी पाहून आमच्यातील एकाने नकळत हात जोडले. परदेशात आहोत याचा तेवढा वेळ विसर पडला होता.

या कान्नोनच्या मस्तकावर लहान मस्तकांचा मुकुट असतो; एकादशमुख असे तिचे रूप. बोरीवलीकर मंडळींनी येथे कान द्यावा. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मस्तकांचा, चतुर्भुज अवलोकितेश्वर कोरलेला आहे, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील. भारतात अशी मूर्ती अत्यंत दुर्मिळ. क्योटोचे मंदिर बांधले गेले, तेव्हा आपल्या साष्टीच्या डोंगरातला हा देव सहा-सातशे वर्षांचा होता!

गिओन हा तेथील जुना मोहल्ला. हे नाव श्रावस्तीच्या जेतवन विहारावरून आलेले आहे. ८६९ साली रोगाची साथ आली, तीतून गिओनच्या उत्सवाचा उगम झाला. १७ जुलैची मिरवणूक आम्ही पाहिली. मोठ्या रथांचे वजन बारा टनांच्या आसपास, सांगाडा खिळ्यांवाचून केवळ दोरखंडांनी आवळलेला. चाके वळत नाहीत. म्हणून चौकात बांबूच्या चिरफळ्या अंथरून त्यांवर पाणी ओततात आणि एका आरोळीसरशी अख्खा रथ आडवा सरकवितात. प्रत्येक रथ एकेका गल्लीच्या मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला. आपल्या संस्थेच्या सभासदवर्गणीची थकबाकी आम्हांस तेथे आठवली, हे खजिनदारांनी मनास लावून घेऊ नये.

परंतु त्या गल्ल्यांतली जुनी लाकडी घरे, दर्शनी बाजूस अरुंद आणि आत लांबच लांब, ती मात्र वर्षावर्षाला पाडली जात आहेत. महापालिकेने २००७ साली मध्यभागातील इमारतींची कमाल उंची ४५ मीटरांवरून ३१ वर आणली आणि छपरांवरील जाहिरातफलक बंद केले. नगराचे रूप राहिले. पण जागा महाग झाल्या आणि तरुण कुटुंबे शेजारच्या गावी जाऊ लागली. शेवटी २०२३ साली काही भागांत ही मर्यादा सैल करावी लागली. आपली मुले घर शोधीत विरार-बदलापूर गाठतात, तीच ही कथा. येथे बसलेल्या कित्येकांच्या चाळींच्या व बंगलीवजा घरांच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या आहेत. गळक्या छपराखाली राहा, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? मात्र पाडण्यापूर्वी त्या घरांची छायाचित्रे, ओसरीची मापे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी संस्थेच्या दप्तरी नोंदवाव्यात, एवढी सूचना आम्ही लेखी देत आहोत.

शाकाहारी मंडळींनी इतके ध्यानात ठेवावे की तिकडे साध्या सारातही बहुधा माशाचा अर्क असतो; मठांतील भोजन मात्र निर्धास्त.

राहता राहिली हिवाळ्याची सहल. ती कान्हेरीस न्यावी. उद्यानाच्या दरवाज्यापासून सहाएक किलोमीटर चाल आहे, पायीच जाऊ. सोमवारी लेणी बंद असतात, रविवार धरावा.