ताईंचा चहा

बोरी बुद्रुकच्या बचत गटातून आम्ही बोलतोय.

आमच्या बैठकीत चहा ठरलेला. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, की कप फिरतात. पण फेब्रुवारीपासून आमच्यातल्या एक ताई कप तसाच पुढे सरकवायच्या. आम्हाला वाटलं रुसल्या. कुणी म्हणालं, साखर निघाली असेल. शेवटी विचारलं, तर म्हणाल्या, "आमचा उपवासकाळ आहे. ईस्टरपर्यंत चहा सोडलाय."

ताईंचं माहेर श्रीरामपूरकडचं, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेच्या भागातलं. घराणं कॅथलिक ख्रिस्ती. नाताळ आम्हाला माहीत होता, पण ख्रिस्ती माणसं चाळीस दिवस नेम धरतात हे खरंच ठाऊक नव्हतं.

यंदा त्यांचा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला झाला, आपल्या महाशिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून राख करतात आणि धर्मगुरू ती कपाळाला लावतात. माणूस मातीचा आहे, मातीलाच मिळणार, याची ती आठवण. (राख म्हटलं की आम्हाला आपली कुकडीकाठची राख आठवते. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची ती असावी, असं काही अभ्यासक म्हणतात.) तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात. रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून सहा वजा करायचे. उरले चाळीस. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला होता, त्याची ही आठवण.

मग खायचं काय? शुक्रवारी मटण-मासळीतलं मटण बंद. कडक उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. तेव्हाही एक वेळ पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडं. आणि तो १८ ते ५९ वयाच्यांनाच. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाईला मोकळीक.

हे ऐकलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण या ६ मार्चला, संकष्टीच्या दिवशी, आमच्यातलीच एक सूनबाई कांदा काढताना चक्कर येऊन वाफ्यात बसली होती. पाचवा महिना. सकाळपासून पोटात नुसता चहा. उपकेंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नाही का केले उपास?" केले, मावशी. पण तेव्हा रक्त कुणी तपासलं होतं?

ताईंना आम्ही विचारलं, एवढ्याशा चहाने देव कसा जवळ येतो? त्या हसल्या. म्हणाल्या, "चहा सोपा आहे. अवघड दुसरंच." प्रार्थना, उपास आणि दान, तिन्ही बरोबर लागतात. उपासात वाचलेलं दुसऱ्याच्या ताटात गेलं पाहिजे, म्हणून त्या चहाचे पैसे डब्यात टाकतात. शिवाय सणाआधी भांडणं मिटवायची. भावजयीशी बांधावरून दोन वर्षं अबोला होता. यंदा ताईंनी आपण होऊन फोन लावला. पहिल्यांदा तिने उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला.

आपल्याकडे उपासाला साबुदाणा, शेंगदाणे, वेफर्स आणून उलट खर्च वाढतो, हेही त्या दिवशी निघालं. त्यावर बऱ्याच हसल्या, दोघी चिडल्यासुद्धा. उपास सोडा, असं आम्ही कुणाला म्हणत नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण गरोदर बाईला मोकळीक असावी, एवढं आम्ही वहीत लिहिलंय. ताईंच्या डब्यात आता आणखी सहाजणी चहाचे पैसे टाकतात. त्यातून सूनबाईला गूळ-शेंगदाणे आणि खजूर गेले.

येत्या ५ एप्रिलला ईस्टर, ताईंचा उपास सुटणार. त्या दिवशी सगळ्यांना त्यांच्याकडे चहा आहे. आणि पंचांगात पाहिलं तर त्याच दिवशी संकष्टी. सासूबाई अजून काही बोललेल्या नाहीत. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघीजणी त्यांच्याकडे जाणार आहोत, ताईही बरोबर येतायत.