विद्यार्थी सेवेला येतात तेव्हा

दिवाळीची सुटी जवळ आली, की तुमच्या संस्थेच्या दारात पंधरावीस मुलेमुली येऊन उभी राहतात. बरोबर एक प्राध्यापक आणि त्यांच्या हातात प्राचार्यांचे पत्र. ‘आमच्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे काही सेवा करावयाची आहे.’ तुमची आश्रमशाळा असेल, अंधशाळा असेल, वाचनालय असेल, नाहीतर गावाचे पाणलोटाचे काम असेल. पत्र वाचून बरे वाटते आणि पोटात थोडा गोळाही येतो. एवढ्या जणांना काम द्यायचे तरी काय? मुलांनी कसे वागावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. म्हणून आज मी बोलणार आहे ते तुमच्याशी, यजमानांशी.

ही मुले येतात ती बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेतून. तिचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९५९ साली डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी, असे या समितीचे म्हणणे पडले. एवढा खर्च झेपणार कसा, म्हणून ते मागे पडले. पुढे गांधी शताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून सुमारे ४०,००० विद्यार्थी घेऊन ही योजना सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणून. दोन वर्षांत २४० तास काम, म्हणजे वर्षाला १२०. शिवाय सात दिवसांचे शिबिर.

आता या १२० तासांचा हिशेब करून पाहा. आठवड्याला चार तास धरले तर तीस आठवडे होतात. तीस आठवडे एक शहाणा तरुण तुमच्याकडे येणार म्हणजे ही काही लहानसहान ठेव नव्हे. पण पुष्कळ ठिकाणी होते काय? मुले येतात, कोणीतरी त्यांना अंगण झाडायला लावतो, चहा होतो, फलक धरून फोटो निघतो आणि वहीवर सही मिळते. तास भरले! मुलगा घरी जाताना एवढेच शिकतो, की सार्वजनिक काम म्हणजे सहीचे काम. हा समज एकदा बसला, की पुढे जन्मभर पुसत नाही.

तेव्हा पत्राला होकार देण्याआधी स्वतःला विचारा, ही मुले आली नसती तर आपले कोणते काम अडले असते? उत्तर सुचत नसेल तर स्पष्ट नाही म्हणावे. त्यात संकोच कसला? अंधशाळेला उत्तर चटकन सापडते. पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणारा आवाज हवा असतो, परीक्षेला लेखनिक हवे असतात. मात्र लेखनिकाच्या पात्रतेचे नियम परीक्षेगणिक निराळे असतात. ते आधी पाहून ठेवावे, ऐन वेळी धावाधाव नको. आणि या कामात दांडी चालत नाही हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. लेखनिक आला नाही तर परीक्षार्थीचे वर्ष बुडू शकते. असे काही खरोखर आपल्यावर अवलंबून आहे म्हटले, की एरवी उनाड दिसणारी पोरेसुद्धा कशी वेळेवर हजर होतात ते पाहा.

श्रमदानाचे तर विचारूच नका. चाळीस मुले आणि सहा कुदळी! चौतीस जण काठावर बसून गप्पा मारतात आणि गावकरी म्हणतात, सहलीला आली आहेत. मुले येण्यापूर्वी चराची रेघ चुन्याने आखलेली हवी. खणणारे किती, माती ओढणारे किती, घमेली उचलणारे किती, हे ठरवून त्याप्रमाणे अवजारे गावातून गोळा केलेली हवीत. दर दहा जणांमागे गावातला एक जाणता माणूस असावा, कारण कुदळ कशी धरावी हेही शिकावे लागते. पहिल्या दिवशी हाताला फोड येणारच. पट्ट्या, औषधाची पेटी आणि माठभर पाणी कामाच्या जागीच ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी भर मे महिन्यात भरते. तिथे अंगमेहनत सकाळच्या वेळी आटोपते आणि पुढचा वेळ व्याख्याने, चर्चा, गाणी यांना मिळतो. विदर्भातल्या उन्हात चालते ते इतरत्र चालायला हरकत नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. तुमच्याकडे लहान मुले राहत असतील तर कोणाही पाहुण्याला, मग तो कितीही गुणी असो, एखाद्या मुलाबरोबर एकटे सोडू नये. आपला एक माणूस नेहमी जवळपास असावा. हा अविश्वास नव्हे; यात आलेल्या विद्यार्थ्याचेही रक्षण आहे. लेकरांचे फोटो तर घेऊच देऊ नयेत. आणि ‘ताई परत कधी येणार?’ हा प्रश्न ताई गेल्यावर तुम्हालाच ऐकावा लागतो. म्हणून शेवटचा दिवस कोणता हे लेकरांना पंधरा दिवस आधी सांगा. ताईलाही बजावून ठेवा, की पाळता येणार नाही असे वचन देऊ नये. हाताला लागलेला फोड चार दिवसांत बरा होतो, वाट पाहणाऱ्या पोराचे तसे नसते.

खर्चाचे म्हणाल तर येण्याजाण्याचे भाडे आणि जेवण कोणी सोसायचे हे कॉलेजशी आधीच बोलून घ्यावे. गरीब घरचा विद्यार्थी हे तोंडाने बोलत नाही, तो नुसता यायचा थांबतो.

काम संपले, की दाखल्यावर ‘उत्तम सेवा केली’ असे मोघम लिहू नका. किती पाने वाचली, किती मीटर चर खणला, किती पुस्तकांची नोंद केली, ते लिहा. आणि एक वही घाला. तीत नाव, पत्ता, कोणाला काय चांगले जमते. मार्चमध्ये लेखनिक कमी पडले, की तीच वही उघडायची आहे.