विरजणाचा महिमा आणि मर्यादा

रात्रीं स्वयंपाकघरांतील झांकपाक उरकतांना गृहिणी कोमट दुधाला चमचाभर विरजण लावते, भांडें झांकून ठेवते, आणि सकाळीं झांकण काढते तों आंत घट्ट दहीं लागलेलें असतें. ही क्रिया इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तींत कांहीं नवल आहे असें सहसा कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु त्या चमचाभर विरजणांत कोट्यवधि सजीव जंतु असतात, आणि अशाच जंतूंच्या नांवानें आज बाजारांत लहान लहान बाटल्या व पुड्या मोठ्या आश्वासनांसह विकल्या जातात. त्यांच्यावर ‘प्रोबायोटिक’ हा शब्द ठळक छापलेला असतो. त्या शब्दांत सत्य किती आणि भाबडी आशा किती, हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाहीं. घरांतील आजारी मुलाच्या पथ्यापाण्याशीं आणि महिन्याच्या खर्चाशीं त्याचा संबंध आहे.

प्रथम दहीं कसें लागतें तें पाहावें. दुधांत एक साखर असते. तिला दुग्धशर्करा म्हणतात. विरजणांतील जंतु ही साखर फस्त करून तिच्यापासून दुग्धाम्ल तयार करतात. आम्ल वाढत गेलें कीं दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन गोठतें, आणि पातळ दुधाचें घट्ट दहीं होतें. दूध कढत असतांना विरजण लावल्यास जंतु मरतात. दूध गार असल्यास ते आळसावतात. बोटाला सोसेल इतकें कोमट दूध घ्यावें आणि थंडीच्या दिवसांत भांडें उबेला ठेवावें, या आजीबाईंच्या नियमाचें मर्म हेंच. शिवाय या आम्लामुळें अनेक अपायकारक जंतूंची वाढ खुंटते. म्हणून जें दूध तसेंच ठेवल्यास नासलें असतें, तें दह्याच्या रूपानें अधिक टिकतें.

या घरगुती पदार्थाला शास्त्राच्या दरबारांत मानाचें स्थान मिळवून दिलें तें इल्या मेच्निकॉव्ह यांनीं. तत्कालीन रशियन साम्राज्यांत १८४५ सालीं जन्मलेले हे शास्त्रज्ञ पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करीत होते. रक्तांतील कांहीं पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, या त्यांच्या शोधाबद्दल १९०८ सालीं त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याला वार्धक्य लवकर कां येतें, हा प्रश्न त्यांना सारखा सतावीत असे. मोठ्या आंतड्यांत अन्न कुजतें, तेथें विषें उत्पन्न होतात, आणि तींच विषें शरीर झिजवितात, अशी त्यांची समजूत झाली. आंबट दूध खाणारे बल्गेरियांतील शेतकरी दीर्घायुषी असतात, असें त्यांच्या ऐकण्यांत आलें होतें. १९०५ सालीं स्टामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानें जिनीव्हा येथें त्या आंबट दुधांतील एक जंतु ओळखला होता. आम्ल उत्पन्न करणारे जंतु पोटांत गेले तर कुजणें थांबेल, असें अनुमान मेच्निकॉव्ह यांनीं बांधलें. स्वतःहि ते नियमानें आंबट दूध घेत. १९१६ सालीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

ही कल्पना युरोपांत भराभर पसरली, पण तिच्या मुळाशीं असलेला सिद्धान्त टिकला नाहीं. आणि अर्धवट सिद्धान्ताची किंमत रोग्यांना मोजावी लागली. मोठें आंतडें हें विषाचें कोठार आहे, या समजुतीनें लंडनमधील नामांकित शल्यवैद्य सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनीं बद्धकोष्ठाच्या रोग्यांचीं मोठीं आंतडीं कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांत कांहीं रोगी दगावले. जो विचार दह्याच्या वाटीपाशीं निरुपद्रवी होता, तोच शस्त्राच्या धारेवर गेला तेव्हां प्राणघातक ठरला.

दरम्यान शोध चालूच होते. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत लिओ रेटगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९२० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, बल्गेरियन दह्यांतील तो जंतु मनुष्याच्या आंतड्यांत वस्ती करून राहत नाहीं. तो वाटसरू आहे, रहिवासी नव्हे. पोटांतील आम्लाला व पित्ताला तोंड देऊन आंतड्यांपर्यंत जिवंत पोंचणारे जंतु शोधण्याकडे मग लक्ष गेलें. जपानांतील क्योतो येथें मिनोरू शिरोता यांनीं १९३० सालीं असा एक जंतु निवडून वाढविला, आणि १९३५ सालीं त्यापासून केलेलें ‘याकुल्त’ नांवाचें पेय विक्रीस आलें. आज देशोदेशीं खपणाऱ्या बाटल्यांचें तें पूर्वज होय.

प्रोबायोटिक कशाला म्हणावें, याचा निर्णय २००१ सालीं अन्न व कृषि संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनीं बोलाविलेल्या तज्ज्ञांनीं दिला. जे सूक्ष्मजंतु जिवंत असतां पुरेशा प्रमाणांत घेतल्यास घेणाऱ्याच्या आरोग्यास लाभ देतात, ते प्रोबायोटिक. या व्याख्येंत तीन अटी आहेत: जंतु जिवंत हवा, मात्रा पुरेशी हवी, आणि लाभ सिद्ध झालेला हवा. या कसोटीस घरचें दहीं काटेकोरपणें उतरत नाहीं. कारण प्रत्येक घरच्या विरजणांत कोणते जंतु किती आहेत, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. पण त्यामुळें तें निरुपयोगी ठरत नाहीं. तें उत्तम अन्न आहे, एवढें निश्चित.

दह्याचा एक लाभ मात्र निःसंशय सिद्ध झाला आहे. पुष्कळ प्रौढ माणसांना, आणि त्यांत असंख्य भारतीय येतात, दूध पचत नाहीं. दुग्धशर्करा पचविणारा पाचकरस त्यांच्या आंतड्यांत वयाबरोबर कमी झालेला असतो. दूध घेतलें कीं पोट फुगतें, गुडगुडतें, जुलाब होतात. दह्यांतील जंतूंनीं कांहीं शर्करा आधींच संपविलेली असते, आणि पोटांत गेल्यावरहि उरलेली पचविण्यास ते साह्य करतात. यूरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१० सालीं हा लाभ मान्य केला. मात्र एका ग्रॅममध्यें निदान दहा कोटि जिवंत जंतु असावेत, अशी अट घातली.

प्रतिजैविक औषधांमुळें मुलांना होणाऱ्या जुलाबांचाहि विचार झाला आहे. २०१९ सालीं ३३ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यांत आला. त्यांत साध्या गटांतील मुलांपैकीं शेंकडा १९ जणांना जुलाब झाले, तर प्रोबायोटिक घेतलेल्यांपैकीं शेंकडा ८ जणांना झाले. उलट, आधींच सुरू झालेली हगवण थांबविण्यास या जंतूंचा फारसा उपयोग होत नाहीं, असें २०२० सालच्या दुसऱ्या मोठ्या आढाव्यांत आढळलें. अशा वेळीं मुलाचा जीव वांचतो तो मीठ-साखरेच्या पाण्यानें आणि वैद्यकीय उपचारानें. दह्यावर विसंबून वेळ दवडूं नये.

या विषयांतील सर्वांत हृदयस्पर्शी प्रयोग भारतांतच झाला. ओरिसांतील खेड्यापाड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांपैकीं निम्म्यांना सात दिवस एका विशिष्ट जंतूची पूड देण्यांत आली. रक्तदोष होणें किंवा मृत्यु येणें यांचें प्रमाण शेंकडा ९ वरून ५.४ वर आलें. हे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. परंतु तीं बालकें दोन किलो वा अधिक वजनाचीं होतीं. अमेरिकेंत २०२३ सालीं एक हजार ग्रॅमहूनहि कमी वजनाचें, दिवस पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलें एक बालक याच वर्गांतील दुसऱ्या जंतूचा रक्तांत प्रादुर्भाव होऊन मरण पावलें, आणि तेथील शासनास डॉक्टरांना इशारा द्यावा लागला. एकाला जो मित्र, तो दुसऱ्याला घातक. म्हणून अशीं औषधें तान्ह्या मुलांना, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ति खालावली आहे अशा रोग्यांना, डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून देऊं नयेत.

मग घरांत कसें वागावें? कढी रुचकर लागते, पण ती उकळल्यावर तिच्यांतील जंतु जिवंत राहत नाहींत. सजीव जंतूंचा लाभ हवा असेल तर दहीं किंवा ताक न तापवितां घ्यावें. कांहीं डबाबंद ताक महिनोन्महिने टिकावें म्हणून मागाहून तापविलेलें असतें; त्याचीहि गत तीच. श्रीखंडांतील साखरेचें माप जंतूंच्या गुणानें भरून निघत नाहीं. बाटली घ्यावयाचीच असेल तर तिच्यावर जंतूचें संपूर्ण नांव, मुदत संपेपर्यंत त्यांची संख्या, आणि ती कशी साठवावी, हें छापलेलें आहे काय तें पाहावें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शनाचा आग्रह हाच आहे. विरजणाचें भांडें स्वच्छ असावें, आणि दह्याला नेहमींपेक्षां निराळा रंग किंवा वास आल्यास तें टाकून देऊन नवें विरजण आणावें.

मेच्निकॉव्ह यांना दह्यांत दीर्घायुष्याची किल्ली दिसली. ती तेथें नव्हती. पण जंतु म्हणजे केवळ शत्रु, असें जग मानीत असतां, त्यांच्यांत मनुष्याचे सोबतीहि आहेत, हें त्यांनीं जगाला पटवून दिलें. आणि तेवढें सत्य काळाच्या कसोटीला उतरलें आहे. जेवणाच्या शेवटीं पानावर येणाऱ्या ताकभाताकडून अमरत्वाची अपेक्षा करूं नये. तो सुखानें पचतो, आणि जेवणाराला तृप्त करतो. एवढें त्याचें काम तो पिढ्यान् पिढ्या इमानानें करीत आला आहे.