पदवी मिळाली, वळकटी कुठं टाकायची?



निकाल लागल्यावर मंचरच्या स्टँडवर सकाळच्या पहिल्या एस.टी.ला उभे राहा. एक पोरगा दिसेल. खांद्याला पिशवी, पिशवीत सर्टिफिकिटांची फाईल, आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या. बाप जरा लांब उभा, बोलत नाही. पोरगा बी.कॉम. झालेला, नाहीतर बी.एस्सी. मंचर, ओतूर, घोडेगाव, जुन्नरच्या कॉलेजांतून दरसाल अशी पोरं निघतात आणि मुंबईची नाहीतर पुण्याची गाडी धरतात. आता पोरीही जातात, आणि त्यांच्या आयांची झोप उडते.

जाऊ नका, असं सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. आपल्या मुलखाला घाट उतरणं नवं नाही. नाणेघाटाची वाट सातवाहनांच्या काळची. म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईला गेला तो गिरणीत कामालाच. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या ट्रकपुढे तो आडवा झाला, तेव्हा त्याचं वय अवघं बावीस. आज पदवी घेऊन निघणाऱ्या पोराएवढंच! मंचरला त्याच्याच नावाचं विज्ञान महाविद्यालय आहे.

तेव्हा जावं की जाऊ नये, हा वाद सोडा. पोरगा गेल्यावर वळकटी कुठं टाकणार, ते बोलू.

आम्ही सातवी शिकलेले. मुंबईला उतरलो ते थेट गावकीच्या खोलीवर. एक खोली आणि वीस-पंचवीस माणसं. कुणी गिरणीत, कुणी बाजारात हमाल, कुणी डबेवाला. महादू हावजी बच्च्यांनी १८९० साली डब्यांचा धंदा सुरू केला, तेव्हापासून खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळची माणसं त्यात आहेत. रात्रपाळीचा उठला की त्याच्या जागेवर दिवसपाळीचा आडवा. ढेकूण होते, भांडणं होती. उगाच गोडवे गात नाही. पण नवा माणूस आला तर काम लागेपर्यंत त्याच्याकडं कुणी भाडं मागत नसे. खाणावळीच्या बाईलाही कुणीतरी जामीन राहायचा.

पुढं आम्ही माथाडी झालो. अण्णासाहेब पाटलांनी आमच्यासारख्यांची संघटना बांधली, १९६९ साली कायदा झाला, मंडळं झाली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, प्रॉव्हिडंट फंड आला. पाठीवर गोणी वाहणाऱ्याला कायद्यानं धनी दाखवला!

थोरले बंधू मात्र गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बंधू गावी आले ते परत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती उठल्या, चाळी पडल्या, कितीतरी खोल्या गेल्या. आता पोरगा खोली नव्हे, खाट भाड्यानं घेतो, आणि तिचंही डिपॉझिट आधी मोजतो.

आमच्या धाकट्या भावाचा मुलगा, बी.कॉम. पहिल्या वर्गात. हिशेबाला पक्का. एका कचेरीत मुलाखतीला गेला, साहेब इंग्रजीतून विचारू लागले, गडी अडखळला. मुंबई आपली व्हावी म्हणून २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ माणसं गोळ्या खाऊन पडली. आणि त्याच शहरात हिशेब येणारं पोर नुसतं भाषेपायी माघारी! मग कंत्राटदारानं त्याला दुसरीकडं लावलं. हातात अकरा महिन्यांचा कागद. घरी कळवलं, ‘पर्मनंट झालो.’

तीन महिने पोरगा वडापाववर राहिला. आमचं घर कोपरखैरण्याला, त्याच्या बसच्या वाटेवर. उतरला नाही. शेवटी काविळीनं पडला तेव्हा कळलं. आम्ही चिडलो. म्हणालो, "अरे, तुला शिकवलं ते आमच्या दारी यायची लाज वाटावी म्हणून का?" तो म्हणाला, "तात्या, तुम्ही अंगमेहनतीवर घर घेतलंत. मी पदवी घेऊन कोणत्या तोंडानं जेवायला येऊ?"

यावर आम्हाला उत्तर सुचलं नाही. चूक आमचीही होती. पोर शिकलंय, त्याचं तो बघेल, असं धरून बसलो होतो.

गावोगावची मुंबईकर मंडळी देवळाच्या कळसाला वर्गणी काढतात, यात्रेला काढतात. काढावी; आम्हीही देतो. पण त्याच वर्गणीतून घणसोलीत, ठाण्यात, भोसरीत एखादी खोली सहा-सहा महिन्यांसाठी घेता येणार नाही का? कचेऱ्यांत लागलेल्यांनी रविवारी तासभर बसून पोरांना मुलाखतीची सवय करून द्यावी. आणि पोरांनो, तुम्ही कागदावर सही करण्याआधी धनी म्हणून कुणाचं नाव लिहिलंय ते वाचा, फंडाचा नंबर मागा. पगार थोडा असेल तर थोडा सांगा. पण घरी खोटं कळवू नका.

आमच्या घरी दोन वळकट्यांची जागा आहे. सभा संपल्यावर आम्ही इथंच, या टेबलाशी वही घेऊन बसतो. ज्यांच्याकडं जागा असेल त्यांनी नाव लिहावं, आणि ज्यांचं पोर निघालंय त्यांनीही.