कळफलक बदलण्याचे अर्थशास्त्र



लिपिक-टंकलेखक पदासाठी महाराष्ट्रात मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द हा वेग आवश्यक मानला जातो. कर्मचारी निवड आयोगाच्या चाचणीत इंग्रजीसाठी ३५ आणि हिंदीसाठी ३० शब्दांची अट आहे. पाच कळांचा एक शब्द धरला, तर तासाला अनुक्रमे १०,५०० आणि ९,००० कळा होतात. झाशीच्या सिव्हिल लाइन्समधील उमेदवार हिंदीतून परीक्षा देतो, नागपूरचा मराठीतून. लिपी मात्र दोघांचीही देवनागरी आहे. साहजिकच दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: कळांची कोणती रचना शिकावी?

इंग्रजीत या प्रश्नाचा निकाल कधीच लागला आहे. शोल्स यांच्या यंत्राची विक्री रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये सुरू केली आणि 'क्वर्टी' रचना रूढ झाली. अमेरिकेतील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ मध्ये वेगळ्या रचनेचे पेटंट घेतले. तीत स्वर डाव्या हाताला आणि नेहमी लागणारी व्यंजने उजव्या हाताला, मधल्या ओळीत होती. तरीही क्वर्टी हटली नाही. पॉल डेव्हिड यांनी १९८५ च्या लेखात त्याचे कारण मांडले. टंकलेखक प्रचलित रचना शिकतो, कारण कार्यालयात तीच यंत्रे असतात. कार्यालय तीच यंत्रे घेते, कारण टंकलेखक तीच रचना शिकलेले असतात. यालाच मार्गनिर्भरता म्हणतात. लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० मध्ये यावर आक्षेप घेतला. ड्वोरॅकच्या श्रेष्ठत्वाचे पुरावेच कच्चे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९५६ च्या एका सरकारी चाचणीतही नव्याने प्रशिक्षण देण्याचा खर्च समर्थनीय ठरला नव्हता. परीक्षेच्या उत्तरात केवळ डेव्हिड यांचे नाव लिहून थांबणे म्हणजे अर्धेच उत्तर लिहिणे होय.

देवनागरीची कथा याहून बोधप्रद आहे. यांत्रिक टंकलेखन यंत्रावर अक्षर दिसते तसे जुळवावे लागे. आधी अर्धे अक्षर, मग काना. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर. ही यंत्राची मर्यादा होती, भाषेची नव्हे. संगणक आल्यावर ती संपली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट रचना प्रमाणित केली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिच्यात डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला व्यंजने आहेत. 'क'च्या कळेवरच शिफ्टसह 'ख', 'त'च्या कळेवर 'थ'. उच्चाराचा क्रम तोच टंकनाचा क्रम. शिवाय मराठी शिकलेली बोटे गुजराती किंवा कन्नडमध्येही त्याच जागी तीच अक्षरे शोधतात. एवढा लाभ ड्वोरॅकनेही कधी देऊ केला नव्हता.

तरीही रेमिंग्टन रचना टिकली. गोदरेजने टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले. यंत्र गेले, त्याची कळरचना संगणकात शिल्लक राहिली. हजारो शिक्षित बोटे, टंकलेखन संस्थांचे अभ्यासक्रम आणि जुन्या फॉन्टमधील दस्तऐवज हे सारे एकदाच केलेले, परत न मिळणारे भांडवल आहे. आयोगाच्या हिंदी चाचणीत इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन गेल असे दोन्ही पर्याय दिले जातात, ते याच भांडवलाची दखल घेऊन. मात्र पर्याय खुला ठेवल्याने नवा उमेदवारही बहुधा शिकवणीत मिळेल तीच जुनी रचना शिकतो. जुन्यांना सवलत आणि नव्यांसाठी काही वर्षे आधी जाहीर केलेली एकच रचना, हा मार्ग अधिक न्याय्य ठरेल. परीक्षेच्या तोंडावर रचना बदलणे म्हणजे गरीब उमेदवाराची महिन्यांची मेहनत आणि शुल्क बुडवणे.

दुभंगलेल्या कळफलकाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. सरळ फलकावर दोन्ही मनगटे करंगळीच्या बाजूस वाकतात. फलक मधून दुभंगून तिरपा केल्यास ती सरळ राहतात. क्रोमर यांनी १९७२ मध्ये अशा फलकाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो सर्वसामान्य बाजारात आणला. येथे अक्षरांची जागा बदलत नाही, त्यामुळे पुन्हा शिकण्याचा खर्च थोडा असतो. तरी आपल्या कार्यालयांत तो क्वचितच दिसतो. कळफलक संगणकासोबत, कमीत कमी किमतीच्या निविदेत खरेदी होतो. निविदेवर सही करणारा अधिकारी वेगळा, दिवसाला हजारो कळा दाबणारा लिपिक वेगळा. मनगटाचे दुखणे आणि औषधाचा खर्च निविदेच्या कोणत्याच रकान्यात येत नाही.